मागच्या सीटवरचा हॉर्न

शोरूममधल्या गाडीवर टांग टाकली तेव्हा मास्तरांचा उजवा गुडघा कट्ट असा वाजला. तो आवाज टाय लावलेल्या विक्रेत्याने ऐकला, शेजारी उभ्या असलेल्या वहिनींनी ऐकला आणि मास्तरांनी तर ऐकलाच ऐकला. पण तो गाडीचाच आवाज आहे असं मानायचं तिघांनीही मनातल्या मनात ठरवून टाकलं. मास्तरांनी हँडल धरलं, आरशात स्वतःकडे पाहिलं, आणि पन्नाशी ओलांडलेला एक चित्रकला शिक्षक बसल्या जागी पंचविशीत जाऊन पोचला.

अख्खी गल्ली मास्तरांच्या बायकोला वहिनी म्हणते, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. लग्न ठरलं तेव्हा मास्तरांनी वहिनींना एकच वचन दिलं होतं. तुला मोटारसायकलवर मागे बसवीन आणि गावाबाहेरच्या तलावापर्यंत नेईन. त्यानंतर घरात सायकल आली, बाबागाडी आली, मुलीचं शिक्षण आलं, मास्तरांची पाठदुखी आली, फक्त मोटारसायकल तेवढी आली नाही. वचन माळ्यावर पडून राहिलं. मुलगी परगावी नोकरीला लागली, लग्नाचा वाढदिवस जवळ आला, आणि मास्तरांनी एकदाचं ते वचन झटकून खाली काढलं.

वहिनींचा उत्साह तर मास्तरांच्याही वरचा. गाडीचा रंग ठरायच्या आधीच त्यांनी स्वतःसाठी जांभळं हेल्मेट आणलं, आणि डोक्याला सवय व्हावी म्हणून एका संध्याकाळी ते घालूनच भांडी घासली. दूधवाला दारातूनच परत गेला होता म्हणे.

रंगाचा प्रश्न मास्तरांच्या अधिकारातला. त्यांना निळा हवा होता, पण साधा नव्हे. "संध्याकाळ संपता संपता आकाशाच्या खालच्या कडेला जो उरतो ना, तो," त्यांनी टायवाल्या विक्रेत्याला समजावून सांगितलं. "त्यात किंचित हिरवी झाक असते."

"सर, निळा आणि काळा आहे," टायवाला म्हणाला.

"मग निळाच."

"निळा संपलाय सर. पण तुमच्यासाठी काढतो." आणि त्याने तो खरोखरच मागच्या गोदामातून काढला. माणूस किती प्रेमळ, असं मास्तरांना वाटलं. विक्री होईपर्यंत त्या शोरूममध्ये सगळेच प्रेमळ असत.

गाडी ताब्यात द्यायचा तिथला सोहळा बघण्यासारखा होता. वहिनी ज्या दवाखान्यात नंबर लावायच्या टेबलावर बसतात तिथून त्या दिवशी त्यांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून मास्तर एकटेच गेले. दाराजवळ छताला एक पितळी घंटा टांगलेली. गाडी लाल गालिच्यावर आली की टायवाला ती घंटा वाजवी, आणि घंटा वाजली की शोरूममधला प्रत्येक जण हातातलं काम टाकून गालिच्याभोवती गोळा होई आणि टाळ्या वाजवी. आतल्या काचेच्या केबिनमधून खुद्द मालक बाहेर येत, एका हाताने ग्राहकाला पुठ्ठ्याची दारभर मोठी किल्ली देत, दुसऱ्या हाताने आपले केस सारखे करत, फोटो निघे, आणि मालक परत काचेमागे गुडूप.

मास्तरांच्या गाडीला गालिच्यावर यायला जरा उशीर झाला, कारण मागच्या वर्कशॉपमध्ये काहीतरी हरवलं होतं आणि तिथे एकमेकांवर ओरडणं चाललं होतं. पण घंटा वाजली, कागदी फुलांचा फटाका फुटला, टायवाला माइकवर "आजपासून सर आमच्या फॅमिलीत!" असं ओरडला आणि मास्तरांचे डोळे चक्क पाणावले. त्या धुंदीत मागच्या भिंतीवरच्या पाटीकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. पाटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'एकदा विकलेला माल कोणत्याही कारणास्तव परत घेतला जाणार नाही.'

"सर, कंपनीचा फोन येईल," जाता जाता टायवाला कानाशी लागला. "सर्व्हिस कशी वाटली विचारतील. पाचपैकी पाच द्या हं."

मास्तर म्हणाले, "सहा देतो."

संध्याकाळी वहिनी जांभळं हेल्मेट घालून खाली आल्या तेव्हा सगळी गल्ली उभी होती. गॅलऱ्या भरल्या होत्या. समोरच्या घरातले सल्लागार खास खुर्ची टाकून बसले होते. हे गृहस्थ पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले; त्यांना सल्लागार म्हणतात ते का, हे लवकरच कळेल. मास्तरांनी किल्ली फिरवली. वहिनींनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला, एकदा गल्लीकडे पाहिलं आणि त्या मागच्या सीटवर बसल्या.

पँऽऽऽऽऽऽ!

मास्तरांना वाटलं आपला अंगठा लागला. त्यांनी दोन्ही अंगठे हवेत धरले. हॉर्न चालूच. वहिनी दचकून उतरल्या. हॉर्न बंद. वहिनी पुन्हा बसल्या. पँऽऽऽऽऽऽ! पुन्हा उतरल्या. शांतता. गल्लीत कुणीतरी फिसकन हसलं.

"थांबा, थांबा, कुणी हात लावू नका," म्हणत सल्लागार खुर्चीतून उठले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायर दाबून पाहिला, पेट्रोलच्या टाकीला कान लावला, आणि मग एखादा निकाल वाचावा तसे म्हणाले, "लोड आहे. गाडीला लोड झेपत नाहीये."

एवढा एकच शब्द. पण तो सगळ्या गॅलऱ्यांपर्यंत पोचला. वहिनी अंगाने भरलेल्या आहेत हे काही गुपित नव्हतं, आणि त्यांनाही त्याचं कधी काही वाटलेलं नव्हतं. आता मात्र त्यांचा चेहरा हेल्मेटशी मिळताजुळता झाला.

"मी बसून बघतो," सल्लागार म्हणाले. सल्लागार म्हणजे कपडे वाळत घालायची काठी. ते मागे बसले, म्हणजे दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकवून सीटला नुसती ओळख दाखवली. हॉर्न गप्प. "बघा!" सल्लागारांनी हात झटकले. "सिद्ध झालं. वहिनी, तुम्ही जरा पुढे सरकून बसत चला. आणि श्वास थोडा वर धरायचा."

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत कुठल्याही गाडीचा हॉर्न वाजला की कुठल्यातरी गॅलरीतून आवाज यायचा, "वहिनी निघाल्या वाटतं!"

वहिनींनी हेल्मेट खुंटीला अडकवलं. "हा हॉर्न बंद होत नाही तोवर मी मागे बसणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि वाढदिवसाला तलावावर जायचंच असेल तर तुमच्या त्या सल्लागारांना घेऊन जा. ते हलके आहेत."

वाढदिवस तोंडावर आला होता. मास्तरांना रात्री तलाव दिसायचा आणि तलावाच्या काठी सल्लागार दिसायचे. काही झालं तरी त्या दिवसाच्या आत हॉर्न बंद व्हायलाच हवा होता.

कोपऱ्यावरचा पंक्चरवाला म्हणाला, "सीट काढून बघतो, पाच मिनिटांचं काम आहे." पण बाहेरच्या माणसाने गाडीचा एक स्क्रू जरी सोडला तरी वॉरंटी गेली, असं शोरूमवाल्यांनी बजावलेलं. म्हणून मास्तर गाडी घेऊन शोरूमच्या मागच्या दाराला, म्हणजे सर्व्हिसच्या खिडकीशी गेले. तिथे कानाला हेडसेट लावलेली एक मुलगी बसली होती.

"बोला सर, काय प्रॉब्लेम आहे?"

"हॉर्न वाजतो."

"सर, हॉर्न वाजायलाच पाहिजे."

"तसं नाही. आपोआप वाजतो."

"कधी वाजतो?"

आणि इथे मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मागे रांगेत तिघे ग्राहक उभे. बाजूला दोन मेकॅनिक हात पुसत उभे. दारात सुरक्षा रक्षक. 'बायको मागे बसली की वाजतो' हे वाक्य त्यांनी मनात म्हणून पाहिलं आणि रांगेतल्या तिघांचे चेहरे कसे होतील तेही पाहिलं. ज्या बाईने आपल्यासाठी इतकी वर्षं वाट पाहिली तिला अनोळखी माणसांपुढे हसण्यावारी न्यायची? प्राण गेला तरी बेहत्तर.

"कधीकधी वाजतो," मास्तर म्हणाले.

"कधीकधी म्हणजे नक्की कधी, सर?"

मास्तरांनी सरळ खिशातली पेन्सिल काढली. सांगता येत नाही ते चित्रात दाखवावं हे तर त्यांचं आयुष्यभराचं शिकवणं. त्यांनी निळ्या मोटारसायकलचं एक सुरेख चित्र काढलं, तिच्यावर स्वतःला बसवलं, हॉर्नमधून निघणाऱ्या लाटा दाखवल्या, स्वतःच्या कपाळावर घामाचे दोन थेंब काढले. मागची सीट मात्र रिकामी ठेवली.

वर्कशॉपचा फोरमन चित्र बघून खूश झाला. "काय हात आहे हो सर तुमचा! चाकातल्या तारासुद्धा मोजून काढल्यात." त्याने चित्र भिंतीवर चिकटवलं, गाडी बाहेर काढली, एकटाच बसून दोन चकरा मारून आला आणि म्हणाला, "गाडी ओके आहे. वाजत नाही."

"माझ्याकडे वाजतो."

"आमच्याकडे वाजत नाही. वाजल्याशिवाय आम्ही काय करणार?" एवढं बोलून तो आत वळला आणि ओरडला, "अरे, दहाचा पाना कुणी घेतला? परत ठेवायची पद्धत आहे की नाही?" आतून उत्तर आलं, "आमच्याकडे नाही, धुलाईवाल्यांना विचारा." धुलाईतून उत्तर आलं, "आमचं काम फक्त पाणी मारायचं." मास्तरांना गाडी धुऊन परत मिळाली. तिथे कुठलीही तक्रार असो, गाडी धुऊन मिळत असे.

पुढच्या खेपेला मास्तर पुढच्या दाराने गेले. टायवाल्याने त्यांना ओळखलंच नाही. फॅमिलीतल्या माणसाला एवढ्यात विसरलात का, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर, मी सेल्सला आहे. विकलेल्या गाडीचं मला काही विचारू नका." हेडसेटवाली मुलगी म्हणाली, हॉर्न कंपनीचा असतो, कंपनीला फोन करा. कंपनीच्या फोनवरची बाई म्हणाली, गाडी शोरूमने दिली, शोरूमला विचारा. मालकांना भेटतो म्हटलं तर मालक मीटिंगमध्ये. काचेमागे ते एकटेच बसलेले स्वच्छ दिसत होते, पण मीटिंगमध्ये. दरम्यान गाडी पुन्हा धुऊन मिळाली आणि तिचा डावा आरसा कुणा भलत्याच गाडीचा, गोल, लावून मिळाला.

"सर, फोन आला तर पाचपैकी पाच," हेडसेटवाली मुलगी म्हणाली.

घरी वहिनी विचारत, "काय म्हणाले?"

"पार्ट मागवलाय," मास्तर भिंतीकडे बघत सांगत.

"कसला पार्ट?"

"हॉर्नचाच. आतला."

सल्लागारांनी या काळात मास्तरांना रोज नवा सल्ला दिला. गाडी उत्तरेकडे तोंड करून उभी करावी. हॉर्नमध्ये कापूस कोंबावा. वहिनींना पुढे बसवावं आणि मास्तरांनी मागे बसावं. हा शेवटचा सल्ला वहिनींना मनापासून आवडला होता, पण तसं दाखवायची ती वेळ नव्हती.

मग तिसऱ्या खेपेला फोरमन आपण होऊन हसत बाहेर आला. "सर, तुमचं काम करून टाकलं! हॉर्नच बदलला. नवा टाकलाय, दुप्पट आवाजाचा. ट्रकवाले पण रस्ता देतील."

घरी येऊन मास्तरांनी संध्याकाळी हळूच, सल्लागार फिरायला गेलेत असं बघून, वहिनींना कशीबशी एकदा बसायला राजी केलं. त्या बसल्या. गल्लीतल्या झाडावरचे सगळे कावळे एकदम उडाले. "वहिनी निघाल्या!" तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं.

लग्नाच्या वाढदिवसाच्या सकाळी मास्तर बूट घालत होते. "पार्ट आलाय," ते पुटपुटले. "जाऊन येतो."

"थांबा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी खुंटीवरचं हेल्मेट काढून काखेत धरलं होतं. "आज मी पण येते. हा पार्ट दिसतो तरी कसा, बघायचंय मला."

त्या गाडीवर अर्थातच बसल्या नाहीत. मास्तर गाडीवर पुढे, वहिनी रिक्षाने मागे, आणि आपल्याशिवाय तांत्रिक बाजू कोण मांडणार म्हणून वहिनींच्या शेजारी सल्लागार, अशी ही वरात शोरूमला पोचली. वाटेत मास्तरांनी अनेकदा मागे वळून पाहिलं. रिक्षा काही हरवली नाही.

सर्व्हिसच्या खिडकीशी वहिनींनी पहिली गोष्ट पाहिली ती भिंतीवरचं चित्र. मास्तरांचा हात त्या लांबूनही ओळखतात.

"हे तुम्ही काढलंत?"

"हो, म्हणजे, त्यांना समजावं म्हणून," मास्तर म्हणाले.

"सुरेख आहे. यात मी कुठे आहे?"

फोरमननेच मदतीला यावं तसं सांगितलं, "मॅडम, सर एकटेच असतात ना हॉर्न वाजतो तेव्हा."

वहिनी मास्तरांकडे बघत राहिल्या. मास्तर आपल्या बुटांकडे बघत राहिले. "म्हणजे मी बसल्यावर वाजतो हे यांना तुम्ही सांगितलंच नाहीत? इतक्या खेपा घातल्यात, गाडी धुऊन आणलीत, आरसा बदलून आणलात, आणि एवढं एकच सांगितलं नाहीत?"

"तुला कुणी हसलेलं मला आवडलं नसतं," मास्तर अगदी हळू म्हणाले. "गल्लीत हसतात तेवढं पुरे आहे."

वहिनींच्या डोळ्यांत काहीतरी चमकून गेलं. पण त्या दवाखान्यातल्या बाई होत्या. गहिवर मागे ठेवून रांग पुढे सरकवायची त्यांना सवय होती. "अहो, पोटात दुखतंय आणि गुडघा दाखवताय होय? असे पेशंट रोज येतात आमच्याकडे. मग औषध कसं लागू पडणार?" त्या फोरमनकडे वळल्या. "मी मागे बसले की वाजतो. आता बघा."

"दोघांनी बसायची ट्रायल आमच्याकडे होत नाही," फोरमन म्हणाला. "वरून परवानगी लागते."

"वर कोण?"

"मालक. पण ते मीटिंगमध्ये आहेत."

"डॉक्टर राउंडवर आहेत, असं मीही दिवसभर सांगते," वहिनी म्हणाल्या. "तेव्हा ते चहा पीत असतात."

तेवढ्यात पुढच्या बाजूने घंटा वाजली. कुणाची तरी गाडी निघाली होती. हेडसेटवाली मुलगी हेडसेटसकट पळाली, फोरमन पळाला, मेकॅनिक पळाले, काचेचं दार उघडून मालक केस सारखे करत बाहेर आले. टाळ्या, फटाका, फोटो. आणि सगळे परत जागच्या जागी. वहिनी हा सगळा खेळ मान तिरकी करून बघत होत्या.

"ही घंटा वाजली की मालक येतात?"

"नेहमीच," मास्तर म्हणाले.

"गाडी आत घ्या."

"अगं पण..."

"गालिच्यावर घ्या म्हटलं ना!"

मास्तरांनी हँडल धरलं, सल्लागारांनी मागून ढकललं, आणि निळी गाडी लाल गालिच्यावर येऊन उभी राहिली. शाळेत असतानासुद्धा त्यांनी कधी परवानगीवाचून घंटेला हात लावला नव्हता. वहिनींनी मात्र जांभळं हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टा आवळला, घंटेची दोरी धरली आणि घंटा अशी काही वाजवली की बाहेरचा रिक्षावालासुद्धा आत आला.

सवय ही सवयच. सगळे धावले. टाळ्या सुरू झाल्या. कागदी फुलांचा फटाका फुटला. टायवाला माइक घेऊन ओरडला, "अभिनंदन! आजपासून मॅडम आमच्या फॅमिलीत!" मालक पुठ्ठ्याची किल्ली घेऊन हसत पुढे आले आणि फोटोसाठी वळून उभे राहिले.

"किल्ली फिरवा," वहिनी मास्तरांना म्हणाल्या, आणि बसल्या.

पँऽऽऽऽऽऽऽऽऽऽ!

दुप्पट आवाजाचा हॉर्न, आणि चारी बाजूंनी काच. टाळ्या जिथल्या तिथे थांबल्या. मालकांच्या हातातली किल्ली गळून पडली. वहिनी उतरल्या, शांतता झाली, आणि त्या शांततेत सल्लागारांचा आवाज आला, "लोड आहे. मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"बरोबर आहे," मालक सावरून म्हणाले. "मॅडम, तुमच्या बाबतीत जरा..."

"तुम्ही बसा," वहिनी म्हणाल्या.

"मी?"

"फॅमिलीत आहात ना? बसा."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? मालक बसले. पँऽऽऽ! मालकांचं पोट काही लहान नव्हतं, म्हणून वहिनींनी टायवाल्याला बसवलं. पँऽऽऽ! हेडसेटवाली मुलगी तर फुंकर मारली तर उडेल अशी, ती बसली. पँऽऽऽ! नवीन गाडी न्यायला आलेला एक ग्राहक आपण होऊन रांगेत उभा राहिला. आता मास्तर पेटले. त्यांनी सल्लागारांना दंडाला धरून आणलं. "बसा. आणि पाय वर घ्या, दोन्ही!"

सल्लागारांनी पाय वर घेतले. पँऽऽऽऽऽऽ!

"लोड!" मास्तर ओरडले. आयुष्यात वर्गाबाहेर ते पहिल्यांदाच ओरडत होते आणि त्यांना विलक्षण बरं वाटत होतं. "सल्लागार, लोड फार झाला हो तुमचा!"

"सीट काढा," मालक फोरमनला म्हणाले.

फोरमनने कुलूप फिरवलं, सीट उचलली, आत डोकावला आणि पुतळ्यासारखा थांबला. मग त्याने आतून दोन बोटांनी काहीतरी बाहेर काढलं. तारांच्या जुडग्यावर आडवा पडलेला, सीट दबली की हॉर्नच्या सोललेल्या तारेवर टेकणारा लोखंडी पाना.

"दहाचा!" फोरमन किंचाळला. "अरे, दहाचा सापडला!"

त्यानंतर जो जल्लोष झाला तसा त्या शोरूममध्ये कुणाच्याही गाडीला झाला नव्हता. मेकॅनिकांनी मिठ्या मारल्या. धुलाईवाल्याने शिट्टी मारली. कुणीतरी उरलेला फटाका फोडला. गाडी, मास्तर, वहिनी, हॉर्न, सगळं सगळे विसरले. मालकांनी आवाज चढवून विचारलं, "हा आत ठेवला कुणी?" तेव्हा मात्र एका क्षणात सगळीकडे शांत झालं. फोरमन धुलाईकडे बघू लागला, धुलाई सेल्सकडे, सेल्स छताकडे.

या गडबडीत पाना वहिनींच्या हातात कधी गेला हे कुणालाच कळलं नाही.

"मॅडम, तो पाना आमचा आहे," फोरमन हात पुढे करून म्हणाला.

"तुमचा कसा? आमच्या गाडीत होता. गाडीबरोबर विकलात तुम्ही." वहिनींनी पान्यानेच भिंतीवरची पाटी दाखवली. "विकलेला माल कोणत्याही कारणास्तव परत घेत नाही ना तुम्ही?"

सगळ्यांनी वळून पाटी वाचली. आपलीच पाटी मालकांनी बहुतेक पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली असावी.

"मॅडम, त्याच्यावाचून निम्मं वर्कशॉप अडलंय," मालक गयावया करत म्हणाले. "तुम्हाला काय हवंय? गाडी धुऊन देऊ?"

"माइक घ्या," वहिनी म्हणाल्या. "काय झालं होतं ते सांगा."

मालकांनी माइक घेतला, केस सारखे केले आणि घसा खाकरला. "काही तांत्रिक कारणास्तव..."

वहिनींनी पाना पर्समध्ये टाकला.

"बरं, बरं! एक पाना राहून गेला होता..."

"आपण होऊन चढून बसला होता का तो सीटखाली?"

मालकांनी एक मोठा श्वास घेतला. "आमची माणसं पाना गाडीत विसरली. त्यामुळे हॉर्न वाजत होता. मॅडममुळे वाजत नव्हता. सरांना आम्ही उगाच खेपा घालायला लावल्या. चूक आमची." आणि मग, बहुधा हे शब्द आपल्याच तोंडून निघाले याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटून, ते म्हणाले, "माफ करा."

यावर पहिली टाळी वाजवली ती रिक्षावाल्याने. वहिनींनी पाना काढून फोरमनच्या हातावर ठेवला. मग सल्लागारांकडे बघून विचारलं, "भावजी, तुम्हाला काही सल्ला द्यायचाय?"

"नाही," सल्लागार म्हणाले. माणूस इतका थोडक्यात बोलू शकतो हे गल्लीत कुणी खरं मानलं नसतं.

तार बदलली, सीट बसली, आरसा मात्र तो गोलच राहिला. टायवाला दारापर्यंत सोडायला आला. "मॅडम, कंपनीचा फोन आला तर पाचपैकी..."

"बसून बघते आणि सांगते," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी किल्ली फिरवली. खांद्यावर वहिनींचा हात आला. गाडी किंचित दबली, आणि काहीही वाजलं नाही. मास्तरांचा गुडघा तेवढा वाजला. शोरूम मागे पडलं, बाजार मागे पडला, गाडी त्यांच्या गल्लीतून, गॅलऱ्यांखालून, मांजरीसारखी आवाज न करता निघून गेली आणि तलावाच्या रस्त्याला लागली. वारा मास्तरांच्या शर्टात शिरला. मागून वहिनी काही बोलत नव्हत्या, नुसत्या खांदा घट्ट धरून बसल्या होत्या, आणि एवढी वर्षं आपण नक्की कशाची वाट बघत होतो हे मास्तरांना आता कुठे नीट कळलं. त्यांना मोठ्याने गावंसंही वाटलं, पण त्यांनी ते टाळलं.

"अहो," बऱ्याच वेळाने वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"आपण गल्लीतून गेलो ते कुणाला कळलंच नाही."

"कसं कळणार? हॉर्न कुठे वाजला?"

"तेच म्हणते मी," वहिनी म्हणाल्या. "वळवा गाडी."

मास्तरांनी गोल आरशात पाहिलं. जांभळ्या हेल्मेटमध्ये एक हसू मावत नव्हतं. त्यांनी गाडी वळवली. गल्लीच्या तोंडाशी येताच वहिनींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "वाजवा!"

मास्तरांनी अंगठा दाबला तो या टोकापासून त्या टोकापर्यंत उचललाच नाही. कावळे उडाले, खिडक्या उघडल्या, गॅलऱ्या भरल्या. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी सवयीने ओरडलं, "वहिनी निघाल्या वाटतं!"

मागच्या सीटवर वहिनींनी एक हात सोडून उंच हवेत धरला आणि त्या त्याहून मोठ्याने ओरडल्या, "हो! निघाल्या!"